गेस्टाल्ट मानसशास्त्र: विद्यार्थी, शिक्षक आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात बी.एड.च्या आणि टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. गेस्टाल्टचं प्रकरण आलं की तेच ते प्रश्न येतात, आणि पालकसभेत तेच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत पुन्हा येतात. या विषयाचा वर्गात खरा उपयोग आहे असं मला मनापासून वाटतं. तो दोन मार्कांच्या टीपेपुरता उरावा, हे मला पटत नाही. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

गेस्टाल्ट म्हणजे नेमकं काय?

शब्द जर्मन आहे. घडण, आकृतिबंध, एकसंध रूप असा त्याचा अर्थ. आपल्या पुस्तकांत कुठे ‘समष्टिवाद’ असं लिहिलेलं असतं, कुठे ‘गेस्टाल्ट उपपत्ती’. दोन्ही एकच.

मुद्दा असा की आपण जग तुकड्यातुकड्यांनी पाहून मग जोडत बसत नाही. समोरची गोष्ट आधी एका घडणीत दिसते आणि तुकडे त्या घडणीत आपापली जागा घेतात. ऑस्ट्रियाचे ख्रिस्तियान फॉन एरेनफेल्स यांनी १८९० साली हे चालीच्या उदाहरणाने मांडलं. पेटीवर एखादं भजन पांढरी एकमध्ये वाजवा, मग तेच काळी पाचमध्ये वाजवा. जवळजवळ प्रत्येक सूर बदलला, तरी ऐकणारा म्हणतो, तेच भजन. आता पहिल्या पट्टीतलेच सूर घ्या आणि त्यांचा क्रम विस्कटून टाका. सूर तेच असूनही चाल गेली. म्हणजे चाल एकेका सुरात नसते, सुरांच्या आपसातल्या नात्यात असते. पुढचं सगळं गेस्टाल्ट मानसशास्त्र या ‘नात्या’भोवती फिरतं.

“संपूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा मोठं असतं” असं पेपरात लिहिलं तर चालेल का?

मार्क बहुधा मिळतील, पण कुर्ट कॉफ्का यांचं म्हणणं तसं नव्हतं. १९३५ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात, संपूर्ण हे भागांच्या बेरजेपेक्षा ‘वेगळं’ असतं, असं आहे. ‘मोठं’ म्हटलं की भाग अधिक भाग अधिक आणखी काहीतरी, असा हिशेब मनात येतो. इथे तर बेरीजच लागू नाही. भजनातला एक सूर काढला तर भजन एका सुराने कमी होत नाही, बेसूर होतं. उत्तरपत्रिकेत ‘वेगळं’ लिहा आणि एका ओळीत कारण द्या. तपासणाऱ्यालाही ते आवडेल.

याची सुरुवात कुठे झाली?

माक्स वेर्थायमर हे मूळचे प्रागचे. १९१० साली रेल्वेने प्रवास करताना त्यांना दिव्यांच्या भासमान हालचालीविषयी एक कल्पना सुचली. ते फ्रांकफुर्टला उतरले आणि चित्रं फिरवून हालचाल दाखवणारं एक खेळणं त्यांनी विकत घेतलं. पुढे तिथल्या विद्यापीठात नीट उपकरण मिळालं आणि प्रयोग झाले. प्रयोगात पाहणारे म्हणून बसले होते दोन तरुण, वोल्फगांग क्योलर आणि कुर्ट कॉफ्का. या शाखेचे तीन संस्थापक असे एकाच खोलीत भेटले. निष्कर्ष १९१२ साली छापून आले.

प्रयोग साधा होता. दोन रेषा, एकीनंतर दुसरी, प्रकाशाने दाखवायच्या. मधलं अंतर सेकंदाच्या सुमारे दोनशे हजारांशाइतकं ठेवलं, तर आधी एक आणि मग दुसरी अशा सुट्या दिसतात. तीस हजारांशाच्या आसपास आणलं, तर दोन्ही एकदमच दिसतात. साठच्या आसपास मात्र एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नसतं. नवरात्रात सीताबर्डीवर मंडपाच्या कमानीवरून धावणारे दिवे पाहिलेत ना? एकही दिवा जागचा हलत नाही, क्रमाने लागतात आणि विझतात एवढंच. तरी धावताना दिसतात, आणि ‘हे खरं नाही’ हे माहीत असूनही दिसतात. एकेका दिव्याचा कितीही बारीक अभ्यास केला तरी ही हालचाल त्यात सापडणार नाही.

अवबोधाचे, म्हणजे पाहून-ऐकून घडण ओळखण्याचे, नियम कोणते? उदाहरणं आपल्याकडची द्या.

वेर्थायमर यांनी १९२३ साली ठिपके आणि रेषा घेऊन हे नियम मांडले.

सान्निध्य आणि सातत्य समजायला ठिपक्यांच्या रांगोळीसारखं साधन नाही. ठिपके काढून झाले आणि रेषा अजून ओढली नाही, तेव्हा थोडं थांबून पाहा. उभं-आडवं अंतर सारखं असेल तर चौकट दिसते. आडवं अंतर किंचित कमी केलं की लगेच ओळी दिसू लागतात, उभं कमी केलं की रांगा. ठिपके तेच, संख्याही तीच, पण जे जवळ ते एक गट होऊन दिसतं. हे सान्निध्य. मग रेषा ओढल्यावर दोन वेलांट्या एकमेकींना छेदून जातात, तेव्हा छेदाच्या जागी डोळा वळून दुसऱ्या रेषेवर जात नाही. वाहत्या वळणाने पुढेच जातो. हे सातत्य.

साम्य म्हणजे सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एका गटात दिसणं. त्याला उदाहरण शोधावं लागत नाही. शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणारे दोन शाळांचे गणवेश पाहा. पूर्तीचं म्हणजे एखाद्या दुकानाच्या पाटीवरचं अक्षर अर्धं पुसलेलं असूनही आपण ते बिनदिक्कत वाचतो.

सामाईक गती मात्र प्रत्यक्ष पाहावी अशी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. इतवारीत एखाद्या गच्चीवरून खाली पाहा. कपड्यांचे रंग नाना तऱ्हेचे, कुणी उंच, कुणी खांद्यावर पोर घेतलेलं. तरी मारबतीसोबत चालणारे सगळे मिळून एक प्रवाह दिसतो आणि उलट्या दिशेने वाट काढणारा एकटा माणूस लगेच उठून दिसतो. पेंचच्या सागाच्या जंगलातही हेच घडतं. चितळ निश्चल उभं असेल तर अंगावरचे ठिपके आणि पानांतून पडलेले कवडसे एकात एक मिसळतात. आपण थेट त्याच्याकडे पाहत असतो आणि तरी ते दिसत नाही. ते एक पाऊल उचलतं, सगळे ठिपके एकत्र सरकतात आणि चितळ उभं राहतं.

या सगळ्यांच्या मुळाशी वेर्थायमर एक तत्त्व ठेवतात: परिस्थिती परवानगी देईल तितकी साधी, सुबक आणि स्थिर घडण आपल्याला दिसते.

या यादीत नंतर काही भर पडली का?

हो. स्टीव्हन पामर आणि अर्विन रॉक यांनी १९९४ साली जोडलेपणाचा मुद्दा पुढे आणला. ज्या गोष्टी एकमेकींना सलग जोडलेल्या असतात त्या एक दिसतात, आणि हे बंधन सान्निध्यावरही मात करतं. मराठी शाळेतल्या शिक्षकाला तर हे रोज लागतं, कारण आपली शिरोरेषा नेमकं हेच काम करते. दुसरीतल्या मुलाची वही उघडा. त्याने आधी सगळी अक्षरं लिहिली आणि मग पट्टीने ओळभर एकच रेघ ओढली. अक्षर वळणदार, एकही चूक नाही, पण वाचता येत नाही. डोळा अडखळतो, कारण सगळी ओळ एकच शब्द होऊन बसली आहे. ‘आजकाल’ आणि ‘आज काल’ यांत फरक कुठे आहे? रेघ तुटते तिथे. अशा मुलाला ‘नीट लिही’ सांगून काही होत नाही. रेघ प्रत्येक शब्दावर वेगळी उचलायला लावा, वाचनीयता त्याच दिवशी बदलते.

आकृती आणि पार्श्वभूमीचं काय?

फुलदाणी आणि दोन चेहऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र डेन्मार्कचे एडगर रुबिन यांचं, १९१५ सालचं. सीमारेषा ज्याची होते ती आकृती. उरलेलं मागे पसरतं. फुलदाणी दिसते तेव्हा चेहरे नसतात, चेहरे दिसतात तेव्हा फुलदाणी नसते.

वर्गात याचा अर्थ सरळ आहे. फळ्यावर जे आकृती व्हायला हवं त्याला मोकळी जागा द्या. आधीच्या तासाचं समीकरण अर्धवट पुसून त्यावरच नवीन लिहिलं, की मागच्या बाकावरच्या मुलाला दोन्ही सारख्याच जोराने दिसतात.

स्टेशनवर शेजारची गाडी हलली की आपलीच हलल्यासारखं का वाटतं?

हा प्रश्न मला फार आवडतो. नागपूर स्टेशनवर गाडी उभी असते, खिडकीतून फक्त शेजारची गाडी दिसते, ती हळूच सुटते आणि क्षणभर पोटात गोळा येतो. याचा अभ्यास कार्ल डुंकर यांनी १९२९ साली केला. डोळ्याला गती मिळते ती सापेक्ष, अमुक गोष्ट तमुक गोष्टीच्या संदर्भात सरकली एवढीच. मग जे मोठं, वेढणारं, ते मन स्थिर धरतं आणि वेढलेलं हलतं असं समजतं. खिडकी भरून शेजारची गाडी असेल तर तीच चौकट होते आणि हलणारे आपण ठरतो. ढगांतून धावणारा चंद्र हाही याच जातीचा. फलाटावरचा खांब नजरेला पडला की भास संपतो, कारण चौकट बदलली.

सुलतानचा प्रयोग आणि मर्मदृष्टी: यात परीक्षेपलीकडे काय आहे?

टीईटीच्या मुलांना चिंपांझीचं नाव सुलतान हे पाठ असतं. पुढे काय झालं, ते विचारलं की शांतता.

क्योलर १९१३ साली टेनेरिफ बेटावरच्या माकडांच्या केंद्रात गेले आणि महायुद्धामुळे १९२० पर्यंत तिथेच राहिले. त्यांचं या प्रयोगांवरचं पुस्तक १९१७ सालचं. सुलतान पिंजऱ्यात होता, केळं बाहेर होतं, आणि जवळ दोन पोकळ काठ्या होत्या. एकही काठी एकटी पुरत नव्हती. तासाहून जास्त वेळ त्याने खटपट केली, एक काठी दुसरीने पुढे ढकलूनही पाहिली, आणि मग नाद सोडून दिला. नंतर तो नुसताच काठ्यांशी खेळत बसला. खेळता खेळता दोन हातांतल्या दोन काठ्या एका रेषेत आल्या. त्याने बारीक काठी जाड काठीच्या भोकात सारली आणि लगोलग गजांकडे धावत जाऊन केळं ओढू लागला. काठ्या सुटल्या तर त्याने पुन्हा जोडल्या.

मर्मदृष्टी म्हणतात ती ही. काठी हातात आधीपासून होती, केळंही समोर होतं. बदललं ते त्यांच्यातलं नातं. ते एकदा दिसलं की कृती सलग होते, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून धडपड करावी लागत नाही.

मला यातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो खेळण्याचा. हर्बर्ट बर्च यांनी १९४५ साली काठ्या फारशा न हाताळलेल्या तरुण चिंपांझींना काठीने अन्न ओढायची अशीच समस्या दिली, तेव्हा बहुतेकांना ती जमली नाही. काही दिवस त्यांना काठ्या नुसत्या खेळायला दिल्या आणि मग तीच समस्या भराभर सुटली. म्हणजे मर्मदृष्टी आभाळातून पडत नाही. हातांनी आधी वस्तू ओळखलेली असावी लागते.

थॉर्नडाइक यांच्याशी फरक काय?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरीला कडी लावलेल्या पेटीत कोंडून तिचं शिकणं पाहिलं. त्या पेटीतली मांजर कडी कशी आणि का उघडते ते पाहूच शकत नव्हती, म्हणून तिला प्रयत्नप्रमादाखेरीज वाट नव्हती. गेस्टाल्टवाद्यांचा आक्षेप हाच होता: समस्येचे सगळे भाग नजरेच्या टप्प्यात ठेवा, मग पाहा प्राणी कसा शिकतो.

वर्गात हे कसं वापरायचं?

इथे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे.

वेर्थायमर यांचं उत्पादक विचारावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४५ साली आलं. त्यात समांतरभुज चौकोनाच्या तासाचं वर्णन आहे. शिक्षक लंब टाकून क्षेत्रफळाची सिद्धता शिकवतात, मुलं घरून सगळी उदाहरणं बरोबर करून आणतात. मग वेर्थायमर फळ्यावर तोच चौकोन वळवून, उभट करून काढतात, आणि वर्गातून उत्तर येतं की हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही. दुसरीकडे साडेपाच वर्षांची एक मुलगी असा चौकोन पाहून म्हणते की ही बाजू बरोबर नाही आणि तीही नाही. कात्री मागते, एका टोकाचा त्रिकोण कापते आणि दुसऱ्या टोकाला लावते. झाला आयत. तिला सूत्र माहीत नव्हतं. एका बाजूला जे जास्त आहे तेच दुसऱ्या बाजूला कमी आहे, हे तिला दिसलं होतं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सराव पाठाआधी हेच करायला लावते. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचा समांतरभुज चौकोन, कात्री, आणि सूत्र शेवटी. कापण्याआधी कागद मुलाच्या हातात दोनतीनदा फिरवून द्यायचा. सातवीतली एक मुलगी कागद आडवा-उभा धरून पाहत राहिली आणि म्हणाली, “मॅडम, काहून फिरवून राहिले? हे तर सगळीकडून तेच आहे ना.” तिचा धडा तिथे झाला होता, लंब टाकण्याआधीच.

खालच्या इयत्तांसाठी बारा गोट्या घ्या आणि चार-चारच्या तीन ओळी मांडा. ओळींमध्ये बोटभर जागा ठेवली की सान्निध्याने तीन ओळी दिसतात: तीन चोक बारा. आता एकही गोटी न उचलता आडवं अंतर वाढवा आणि उभं कमी करा. तीन-तीनच्या चार रांगा दिसू लागतात: चार त्रिक बारा. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर का बदलत नाही, हे मुलाला सांगावं लागत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. मुलाने ‘तीन गुणिले चार म्हणजे चार गुणिले तीन’ ही ओळ पाठ केली असेल, तर मोठ्या संख्यांवर ती वापरायची त्याला खात्री वाटत नाही. गोट्या सरकताना पाहिल्या असतील तर सत्तावीस गुणिले चार करताना तो स्वतःहून क्रम फिरवतो.

मांडणी हे शिक्षकाच्या हातातलं सगळ्यांत मोठं साधन आहे, आणि ते फुकट आहे.

“मॅडम, पुस्तकातलं गणित येतं, जरासं बदललं की अडतो.” याचं काय करायचं?

पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. अब्राहम लुचिन्स यांचं १९४२ सालचं काम इथे कामाला येतं. २१, १२७ आणि ३ मापांच्या तीन भांड्यांनी १०० मापं पाणी मोजायचं आहे. १२७ मधून एकदा २१ आणि दोनदा ३ काढा, झालं. अशी पाचसहा गणितं याच रीतीने सुटतात. मग येतं: २३, ४९ आणि ३ मापांची भांडी, हवं २०. बहुतेक जण तीच लांब रीत वापरतात: ४९ मधून २३ आणि दोनदा ३. खरं तर २३ मधून ३ काढले की काम झालं. ज्यांनी आधीची गणितं केलेली नसतात त्यांना हे चटकन दिसतं.

म्हणजे मूल ‘कच्चं’ नाही. एकाच साच्याची गणितं ओळीने सोडवल्यामुळे त्याची नजर बांधली गेली आहे. घरी अभ्यास घेताना स्वाध्यायातली गणितं वर-खाली करून द्या. प्रत्येक चार-पाच गणितांनंतर एक असं द्या की ज्याला आधीची रीत लागत नाही किंवा लांबची पडते. आणि उत्तरापेक्षा आधी विचारा, ‘यात काय दिलंय आणि त्याचा कशाशी संबंध आहे?’

मग पाठांतर आणि सराव सोडून द्यायचा का?

अजिबात नाही. पाढे, मुळाक्षरं, रासायनिक चिन्हं, शब्दांचं शुद्धलेखन यांत पाहण्यासारखं अंतर्गत नातं फार थोडं असतं. तिथे सरावच लागतो. पाढे तोंडपाठ असलेल्या मुलाचं लक्ष मोकळं राहतं आणि गणिताची घडण त्याला लवकर दिसते. आधी घडण दिसू द्या, मग सराव भरपूर करून घ्या, हा माझा आग्रह आहे.

गेस्टाल्ट थेरपी म्हणजे हेच का?

नाही. ती फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स यांनी उभी केलेली उपचारपद्धती, १९५० च्या दशकात पुढे आलेली. नाव आणि काही कल्पना इथून घेतल्या, मार्ग वेगळा. पेपरात दोन्ही एकत्र लिहू नका.

हे सगळं आता जुनं झालं नाही का?

काही भाग टिकला नाही. मेंदूत विद्युतक्षेत्रं तयार होतात आणि दिसणाऱ्या आकृतीशी त्यांची घडण जुळते, असं क्योलर मानत. कार्ल लॅशली आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली माकडाच्या मेंदूवर सोन्याचे पातळ पत्रे ठेवून पाहिले. असं क्षेत्र असतंच तर ते बिघडायला हवं होतं, पण माकडांना आकृती पूर्वीसारख्याच ओळखता आल्या. ती कल्पना तिथे मागे पडली. नियमांवरही टीका झाली की ते काय दिसतं ते सांगतात, कसं ते सांगत नाहीत. ही टीका रास्त होती.

पण निरीक्षणं पक्की ठरली. इटलीचे गेटानो कानिझा यांनी १९५५ साली एक आकृती दाखवली: पाचर कापलेल्या तीन काळ्या चकत्या ठेवल्या की मधे पांढरा त्रिकोण दिसतो, त्याच्या कडाही दिसतात, आणि तिथे रेघ एकही नसते. १९८४ साली माकडांच्या दृष्टिकेंद्राच्या दुसऱ्या टप्प्यातल्या काही पेशी अशा नसलेल्या कडांनाही प्रतिसाद देतात, हे नोंदलं गेलं. मोबाइलच्या स्क्रीनवर कोणती बटणं एकत्र दिसावीत हे ठरवणारा डिझायनर आजही वेर्थायमर यांचेच नियम वापरतो.

ही मंडळी जर्मनी सोडून का गेली?

१९३३ साली नाझी सत्ता आली आणि ज्यू प्राध्यापकांना काढून टाकायला सुरुवात झाली. वेर्थायमर ज्यू होते. ते त्याच वर्षी न्यूयॉर्कला गेले. कॉफ्का आधीच अमेरिकेत शिकवत होते. क्योलर ज्यू नव्हते, बर्लिनच्या संस्थेचे प्रमुख होते, गप्प राहिले असते तर पद टिकलं असतं. त्यांनी एप्रिल १९३३ मध्ये बडतर्फीच्या विरोधात वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला. त्यानंतरही दोन वर्षं ते आपल्या सहकाऱ्यांसाठी झगडले आणि १९३५ साली अमेरिकेला गेले. या तिघांचे सिद्धांत शिकवताना मी ही गोष्ट कधी वगळत नाही.

घरी करून पाहण्याजोगा एखादा प्रयोग सांगाल?

डुंकर यांची मेणबत्तीची समस्या करा. साहित्य: एक छोटी मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली पुठ्ठ्याची डबी. मेणबत्ती भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर अशी बसवायची की पेटवल्यावर मेण खाली टेबलावर सांडणार नाही. बहुतेक जण मेणबत्तीच टाचणीने टोचायला जातात. युक्ती अशी की डबी रिकामी करायची, ती टाचण्यांनी पुठ्ठ्यावर बसवायची आणि मेणबत्ती तिच्यात उभी करायची. भरलेली डबी ‘टाचण्या ठेवायची वस्तू’ म्हणूनच दिसते, फळी म्हणून दिसत नाही.

घरात दोन मुलं असतील तर एकाला टाचण्या डबीत भरून द्या, दुसऱ्याला डबी रिकामी आणि टाचण्या शेजारी. दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवा, घड्याळ लावा आणि मधे काही सुचवू नका. मेणबत्ती पेटवायची गरज नाही. कशी बसवली ते पाहणं पुरे.